पंधराचा गुणक

मी वकील नाही, वकिलांचा कारकून.
फोंड्याच्या कोर्टात फायली उचलतो,
तळावलीकर वकिलांच्या स्कूटरमध्ये हवासुद्धा मीच भरून आणतो.
कपाटात आमच्या मरणं आहेत, लाल दोरीत बांधलेली:
उसगावच्या वळणावर खनिजाच्या ट्रकखाली गेलेला पोदेर,
पावांची टोपली पंचनाम्यात वेगळी नोंदवलेली;
बार्जच्या फळीवरून रात्री पाण्यात गेलेला खलाशी;
डॉक्टर येईपर्यंत रक्त संपलेली एक बाळंतीण.

सोयरू गावड्याची फाईल सगळ्यांत पातळ.
पाडेली. सावईवेऱ्यात, कुळागराच्या कडेच्या माडावर चढला,
कापलेली झावळ खाली येताना तारेला लागली.
एवढंच. दीड पान.

वकील म्हणाले, आधी कमाई सिद्ध कर.
पाडेल्याला कोण देतो पगाराची चिठ्ठी?
मी वही घेऊन दारोदार फिरलो.
तुमचे माड किती? वर्षातून किती वेळा पाडायचा?
माडामागे पन्नास, वर एक नारळ.
दिवसाला बावीस माड, असं शेवटी जमलं.
पावसाचे चार महिने वजा.
नारळ धरायचा की नाही, यावर वकील बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.
एका भाटकाराने चहा दिला, सही दिली नाही.
तो प्रतिवादी क्रमांक तीन होता.

कोर्टात खात्याच्या वकिलाने विचारलं,
तार आधीची, की माड आधीचा?
सगळा गाव हसला, कारण सगळ्या गावाला माहीत होतं.
कागद कुणाकडेच नव्हता.
कागद होता तो दुसरा: तार लोंबते आहे, बघून घ्या,
पंचायतीचं पत्र, आवक क्रमांक दोनशे सात, शिक्का ठळक.
सोयरू मेला त्याच्या पाच महिने आधीचं.

मग वय.
चाळिशीपर्यंत पंधराने गुणायचं,
एकेचाळिसावं लागलं की चौदाने.
कोष्टक मोटार अपघातांचं, आम्ही उसनं आणलेलं.
शाळेचा दाखला वाळवीने खाल्ला होता.
म्हातारी आई पिंजऱ्यात उभी राहिली, म्हणाली,
वाड्यावर वीज आली ना बाबा, त्याच महिन्यात झाला तो.
पहिला दिवा लागला तेव्हा हा माझ्या मांडीवर.
खात्याचाच वकील खात्याचंच रजिस्टर घेऊन आला.
जोडणीची तारीख निघाली.
एकोणचाळीस वर्षं, सात महिने.
पंधरा.

त्यातला एक तृतीयांश कापायचा,
मयताने स्वतःवर खर्च केला असता तो.
सुकांतीला विचारलं, काय खर्चायचा गं?
ती विचार करत राहिली. विडी, म्हणाली.
शनिवारी मासळी आणायचा, पण ती सगळ्यांनाच.
कंबरेची दोरी बदलायचा वर्षाला.
तरीही कापला. नियम आहे.
दुःखाला वेगळी रक्कम असते, ठरलेली,
तिथे कुणी काही विचारत नाही.

निकालाच्या आधी एक सही राहिली होती, म्हणून घरी गेलो.
अंगणात मयूर बसला होता, पाय पसरून.
दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला
दोरीचा घट्टा, ताजा, लालसर.
अर्जात तो परिच्छेद चारमध्ये आहे:
मुलगा, वय पंधरा, शिकत आहे, सर्वस्वी मयतावर अवलंबून.
मी टाईप केलेलं.
सुकांतीने माझी नजर पाहिली
आणि पदराने त्याचे पाय झाकायला गेली,
जणू त्याला थंडी वाजत होती.

मी शाईचा पॅड पुढे केला.
इथे अंगठा, इथे, आणि मागच्या पानावर.
निघताना त्याने मला दोन नारळ दिले.
कुठल्या माडाचे, ते मी विचारलं नाही.